ओटा, मांडणी आणि रिकामी भिंत

नव्या फ्लॅटचं किचन करायला घेतलं की इंटिरिअरवाले बहुधा दोन चित्रं समोर ठेवतात. एकात पांढऱ्या नाहीतर राखाडी रंगाची सपाट दारं असतात, हँडल कुठेच नाही, ओट्यावर तुळशीची नाहीतर पुदिन्याची एक छोटी कुंडी आणि बाकी सगळं मोकळं. दुसऱ्यात चौकटीची लाकडी दारं, पितळी मुठी, भिंतीवर बरण्यांची रांग, कोपऱ्यात तांब्याचा हंडा. पहिल्याला मिनिमलिस्ट म्हणतात, दुसऱ्याला ट्रॅडिशनल. मग घरात मतं पडतात, चार दिवस चर्चा होते आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं चित्र पक्कं होतं.

हा निर्णय चित्र बघून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. दारांचा रंग आणि मुठी पाच-सात वर्षांनी बदलता येतात. ओट्याची उंची, सिंकची जागा, धूर बाहेर जायची वाट आणि साठवणीची सोय एकदा पक्की झाली की तीच वर्षानुवर्षं निभवावी लागते. शैली म्हणून जे विकलं जातं ते बहुतांशी दारापुरतं असतं. स्वयंपाक दारामागे आणि ओट्यावर होतो.

त्यातही एक गंमत लक्षात घ्यायला हवी. ट्रॅडिशनल म्हणून दाखवलं जाणारं ते चौकटीचं दार आपल्या परंपरेतलं नाही. मधला भाग खोल आणि कडेने साधी पट्टी अशा त्या दाराला ‘शेकर’ म्हणतात. शेकर हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात या पंथाच्या लोकांनी नक्षी पूर्णपणे वर्ज्य करून अतिशय साधं फर्निचर घडवलं. म्हणजे आज ‘पारंपरिक’ या नावाने आपल्याला जे दाखवतात, ते त्याच्या काळात साधेपणाचंच टोक होतं.

आपली परंपरा वेगळीच होती. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर आठवून पाहा. मातीची चूल, तिला जोडून वैल. चुलीत जाळ, आणि त्याची उरलेली धग वैलावर. भात उतरला की आमटी वैलावर सरकवायची. ती तिथे मंद उकळत राहायची, त्यासाठी वेगळं लाकूड लागायचं नाही. एका बाजूला मडक्यांची उतरंड, आढ्याला टांगलेलं शिंकं, भिंतीत कोनाडा आणि फडताळ. पाटा-वरवंटा, विळी, परात, रवी, पळी, उलथणं. सगळी अवजारं मोजली तरी यादी एका कागदावर मावेल. बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला न उठता बहुतेक गोष्टी हाताला लागत. ते स्वयंपाकघर कमी वस्तूंचं होतं आणि प्रत्येक वस्तूला दोन-तीन कामं होती. त्यात धूर मात्र भयंकर असायचा. चुलीपुढे उभी हयात काढलेल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसं त्या धुराने खराब झाली. त्या काळाबद्दल हळवं होण्यापूर्वी हे विसरू नये.

मुंबईत १९५०च्या दशकाच्या मध्यापासून सिलिंडरचा गॅस घरोघर पोचू लागला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहरातली बाई उभी राहिली. उभं राहायचं म्हणून ओटा आला. त्यावर कडप्पा, भिंतीला स्टीलची मांडणी. प्रेशर कुकर, मग मिक्सर, मग फ्रिज आले आणि वस्तू वाढत गेल्या. आज आपण ज्याला गच्च भरलेलं आईचं किचन म्हणतो ते या अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांतलं आहे. खूप जुन्या परंपरेशी त्याचा संबंध तसा थोडाच.

आता मिनिमलिस्ट किचन कुठून आलं ते बघू. १९२६ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात मजुरांसाठी आणि मध्यमवर्गासाठी स्वस्त घरं बांधली जात होती. त्यांचं स्वयंपाकघर मार्गारेट शूटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी आखलं. रेल्वेच्या जेवणाच्या डब्यातलं चिंचोळं किचन त्यांनी नमुना म्हणून समोर ठेवलं होतं. माप साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. त्यात गृहिणीची प्रत्येक हालचाल कमी पावलांत बसवली होती: बसून भाजी चिरायला खिडकीपाशी फळी आणि फिरतं स्टूल, पीठ-तांदूळ-साखर यांसाठी नाव कोरलेले ॲल्युमिनियमचे खण, त्यांना ओतायला चोच. अशी सुमारे दहा हजार किचन तेव्हा बसवली गेली. एकसंध ओटा, वर-खाली कपाटं, भिंतीला धरून सगळं, हे आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ तिथे आहे. हँडल जायला मात्र १९६० उजाडलं. जर्मनीच्याच सीमॅटिक कंपनीने त्या वर्षी बिनमुठीचं किचन बाजारात आणलं.

फ्रँकफर्टचं माप फुटांत काढलं तर ते सत्तर चौरस फुटांच्या आसपास येतं. आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्वतंत्र जेवणाची जागा असलेल्या घरात किचन किमान ५ चौरस मीटर आणि १.८ मीटर रुंद असावं असं म्हटलं आहे. पुण्या-ठाण्याच्या टू-बीएचकेतलं किचन या दोन आकड्यांच्या मध्येच कुठेतरी असतं. म्हणजे जागेचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच्या फ्रँकफर्टकरांचा आणि आपला एकच आहे. फरक रांधण्यात आहे, आणि खरी निवड तिथेच होते.

आपल्या रोजच्या स्वयंपाकाचा केंद्रबिंदू फोडणी आहे. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं पडलं, हिंग, मग हळद. हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत उरकतं. या अर्ध्या मिनिटात मसाल्याचा डबा डाव्या हाताला उघडा नसेल तर हळद जळते, आणि जळलेल्या हळदीची चव पूर्ण भाजीला लागते. मिनिमलिस्ट चित्रात हा डबा ट्रॉलीत असतो. ती ट्रॉली गॅसच्या बरोबर खाली किंवा लगतच असेल, पूर्ण बाहेर येणारी असेल, तर चालतं. कोपऱ्यातल्या कपाटात असेल तर आठवड्याभरात डबा ओट्यावर येतो आणि चित्र मोडतं. दोष बाईचा नसतो. आखणाऱ्याने फोडणी कधी घातलेली नसते.

फोडणीचा दुसरा परिणाम हवेत. तापलेल्या तेलाचे बारीक थेंब वाफेबरोबर उडतात आणि थंड पृष्ठभागावर, विशेषतः वरच्या कपाटांवर आणि उघड्या फळ्यांवर बसतात. त्यावर धूळ चिकटते आणि काही महिन्यांत तो थर साबणालाही दाद देत नाही. मासिकांतल्या चित्रांत उघड्या फळीवर चार पांढऱ्या बश्या सुरेख दिसतात. आपल्याकडे ती फळी गॅसपासून लांब हवी. त्याहून महत्त्वाचं, तिच्यावर रोज वापरात येणारी भांडीच हवीत. जुन्या मांडणीचं शहाणपण हेच होतं: ताटं, वाट्या, फुलपात्रं उघडी असायची, पण ती दिवसातून दोनदा घासली जायची, त्यामुळे चिकटपणा धरायला वेळच मिळत नसे. शोभेसाठी ठेवलेल्या पितळी भांड्यांचं उलट होतं. ती काळवंडतात आणि दर महिन्याला चिंच-मीठ घेऊन त्यांच्यामागे लागावं लागतं. वापरणार असाल तर पितळी पातेलं जरूर ठेवा आणि कल्हई करून घ्या.

बिनमुठीच्या दाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण दुकानात सगळ्यात जास्त भुरळ तेच घालतं. त्याचे दोन प्रकार असतात. एकात दार दाबलं की उघडतं. दुसऱ्यात ओट्याखाली आडवी ॲल्युमिनियमची पन्हळ असते, तिला गोला प्रोफाइल म्हणतात; बोटं त्या पन्हळीत घालून ट्रॉली ओढायची. आता कणीक मळता मळता पाणी जास्त झालं आणि पिठाचा डबा हवा आहे, अशी वेळ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही हात कणकेने भरलेले. दाबून उघडणाऱ्या दारावर कणकेचा पंजा उमटतो. पन्हळीत बोटं घातली तर पीठ आत राहतं, तिथे ओल लागली की मुंग्या आणि झुरळं यायला वेळ लागत नाही, आणि पन्हळ पुसायला फडक्याची घडी करून कोपऱ्यापर्यंत घालावी लागते. साधी दांडीची मूठ असेल तर करंगळी अडकवून ट्रॉली ओढता येते. दिवसातून एकदाच कॉफी आणि टोस्ट होणाऱ्या घरात बिनमुठीचं दार छान टिकतं. दोन वेळा पोळ्या लाटल्या जाणाऱ्या घरात निदान खालच्या ट्रॉल्यांना तरी मूठ हवी, असं मी कुणालाही आग्रहाने सांगेन.

रिकाम्या ओट्याचाही हिशोब नीट मांडला पाहिजे. ओटा रिकामा दिसायचा तर त्यावरच्या वस्तू कुठेतरी जायला हव्यात. मिक्सर, वॉटर प्युरिफायर, कुकर, तेलाची बरणी, चहा-साखरेचे डबे, भांडी निथळायची जाळी. म्हणजे कमी सामान दाखवणाऱ्या किचनला उलट जास्त कपाटं, जास्त ट्रॉल्या आणि जास्त रनर लागतात, खर्चही वाढतो. मिक्सरच घ्या. वाटण, चटणी, दाण्याचं कूट यांसाठी तो आपल्याकडे रोज लागतो. चार-पाच किलोचा मिक्सर रोज वाकून खालच्या कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा, हे काही दिवस होतं, मग तो ओट्यावरच राहतो. यावर उपाय सोपा आहे. ओट्याच्या एका टोकाला भिंतीशी, प्लगसह, वर सरकणाऱ्या शटरमागे मिक्सरची जागा करायची. तो तिथेच चालतो आणि काम झाल्यावर झाकला जातो.

साठवण हा मात्र प्रत्येक घराचा स्वतंत्र हिशोब आहे. तुमच्याकडे अजून एप्रिल-मेमध्ये वर्षाचे गहू-तांदूळ भरतात का? तूरडाळीला एरंडेल लावून कोठीत ठेवतात का? पापड, कुरडया, सांडगे, गोडा मसाला, कैरीचं लोणचं घरी होतं की कुठून येतं? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ असतील तर मिनिमलिस्ट किचनमध्ये त्या सगळ्याला जागाच नसते आणि पत्र्याच्या कोठ्या बेडरूममध्ये पलंगाखाली जातात. उत्तरं ‘नाही’ असतील, किराणा दर आठवड्याला ॲपवरून येत असेल, तर जुन्या धर्तीची उंच उंच कपाटं फक्त रिकामे डबे साठवतील. जी साठवण खरोखर होते तेवढीच जागा करा. सणावाराची मोठी पातेली, कुकराची मोठी भांडी, दिवाळीचे डबे माळ्यावर गेले तरी अडत नाही.

दिवाळीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. ज्यांचं किचन मोठं आहे त्यांना मध्ये स्वतंत्र ओटा, म्हणजे आयलंड, घालायचा मोह होतो. करंज्या आणि चकल्या करायला चार जणी एकत्र बसतात त्या जमिनीवर, मध्ये वर्तमानपत्र आणि पोळपाट घेऊन. आयलंड ती जागा खातं. तुमच्याकडे फराळ घरी होत असेल तर मधली जमीन मोकळी ठेवा.

सुरक्षेची बाजू चित्रांत कधीच दिसत नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळला तर तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून ज्या कपाटात सिलिंडर आहे त्याच्या दाराला तळाशी जाळी किंवा भोकं हवीच हवीत. सलग, फट नसलेल्या सपाट दारामागे सिलिंडर लपवणं धोक्याचं आहे, मग ते कितीही देखणं असो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर जातो. तिथे वरची खिडकी किंवा झरोका उघडा हवा. ओट्यात बसवलेल्या हॉबबद्दलही विचार करा. त्यावर उतू गेलेलं दूध कडेने आत शिरतं, आणि भाकरी थेट ज्वाळेवर फुगवणाऱ्या, जड तवा सरकवणाऱ्या हाताला साधी शेगडीच मोकळी वाटते. ती उचलून खालचा ओटा धुता येतो. मी दोन्हींवर स्वयंपाक केला आहे आणि भाकरीच्या घरात शेगडीच्याच बाजूने आहे.

दगड निवडताना पांढऱ्या क्वार्ट्झचं आकर्षण फार असतं. दगडाचा चुरा आणि रेझिन एकत्र दाबून हा केलेला असतो. त्यातल्या रेझिनमुळे गरम कढई थेट ठेवली तर डाग पडू शकतो, आणि हळदीचा पिवळेपणा सांध्यांत बसतो. हळदीचा रंग उन्हात उडतो खरा, पण किचनच्या आतल्या कोपऱ्यात ऊन येणार कुठून? काळा ग्रॅनाइट या सगळ्याला पुरून उरतो. क्वार्ट्झची दुसरी बाजू कामगारांची आहे. कोरडं कापताना उडणाऱ्या सिलिकाच्या धुळीने फुप्फुसांचा सिलिकोसिस होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड वापरण्यावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतेच, पण तुलनेने बरीच कमी. दगड कोणताही घ्या, कापणाऱ्याला पाणी मारून आणि मास्क लावूनच कापायला सांगा. इमारतीखाली उघड्यावर, धुळीच्या ढगात बसून तो कापणारा मुलगा आपल्याच घरासाठी काम करत असतो.

कपाटांच्या आतल्या सांगाड्याकडे शैलीच्या चर्चेत कुणाचं लक्ष जात नाही, आणि पैसे तिथेच बुडतात. सिंकखाली आणि गॅसखाली मरीन प्लाय हवं, त्यावर ‘आयएस ७१०’ असा शिक्का असतो तो स्वतः बघून घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड कोरड्या जागी ठीक. आपल्याकडे ओटा धुतला जातो, पाणी खाली झिरपतं, आणि तळ फुगतो. भांडी घासायला बाई येत असतील आणि ड्राय बाल्कनी असेल तर घासायची मोरी तिकडेच न्या. ओल्या कामाला स्वतंत्र जागा दिली की आतलं किचन कोणत्याही शैलीचं असो, जास्त टिकाऊ होतं.

परदेशातल्या भारतीयांनी या प्रश्नावर काढलेला मार्ग बोलका आहे. कॅनडात ब्रॅम्प्टन किंवा सरेसारख्या भागांत, जिथे भारतीय कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात, तिथले बिल्डर घराला दोन किचन देतात: एक बैठकीला जोडलेलं उघडं, सपाट, चकचकीत, दुसरं त्याच्या मागे दाराआड, ज्याला ‘स्पाइस किचन’ म्हणतात. फोडणी, तळण, मासे सगळं मागच्यात. ज्यांच्याकडे दोन हजार चौरस फुटांचं घर आहे त्यांना हे परवडतं. सत्तर चौरस फुटांत एकच किचन मिळणार असेल तर ते मागचंच किचन असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉलकडची भिंत पाडून ओपन किचन करायचं ठरवलंच, तर निदान सरकतं काचेचं दार ठेवा. तळण काढताना ते लावता येईल. आणि चिमणीचा पाइप बाहेरच्या भिंतीतून नेता येतो का ते आधी तपासा. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत घरातच सोडणारी चिमणी वास कमी करते, पण वाफ आणि उष्णता खोलीतच राहते.

या सगळ्याचा विचार करून मी रोज दोन वेळा रांधणाऱ्या मराठी घराला असं सुचवेन: सांगाडा, मापं आणि मांडणी जुन्या धर्तीची, म्हणजे मसाला हाताशी, रोजची भांडी उघडी, ओलं काम वेगळं, दारं मात्र सपाट, एका रंगाची, कोरीव काम नसलेली. नक्षीच्या आणि चौकटीच्या खाचांत तेल आणि धूळ बसते, सपाट दार एका फडक्याने पुसलं जातं. इथे मिनिमलिस्ट बाजू पूर्णपणे बरोबर आहे. आणि घरात दोघंच असतील, दोघंही दिवसभर बाहेर, डबा बाहेरून येत असेल, तर बिनदिक्कत ते पांढरं रिकामं किचन करा. तुमच्या घराला तेच शोभेल आणि टिकेलही.

एक गोष्ट मात्र दोन्ही शैलींत सारखीच राहते, आणि तीच सर्रास चुकते. ओट्याची उंची साधारण ३४ इंच धरली जाते आणि फ्लॅटचे मालक स्वतः उभे राहून ‘बरोबर आहे’ म्हणतात. उंची ठरवण्याचा साधा नियम असा की ओटा काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईंचं कोपर जमिनीपासून साधारण ३७-३८ इंचांवर येतं. त्यांना ३२-३३ इंचांचा ओटा लागतो. ३४ किंवा ३६ इंचांवर त्या खांदे वर ओढून कणीक मळतात आणि वर्षभरात मान धरते. गॅसचा भाग आणखी दोन-तीन इंच खाली घेतला तर मोठ्या पातेल्यात डोकावणंही सोपं जातं. तेव्हा सुताराच्या नकाशावर सही करण्याआधी, घरात रोज पोळ्या करणाऱ्या व्यक्तीला, मग ती आई असो, तुम्ही स्वतः असा, की स्वयंपाकाच्या मावशी असोत, त्या रिकाम्या किचनमध्ये उभं करा. त्यांना हाताची घडी घालून नव्हे तर कोपरं वाकवून कणीक मळायच्या पवित्र्यात उभं राहायला सांगा, भिंतीवर कोपराच्या उंचीवर पेन्सिलीने रेघ ओढा, आणि ओटा त्या रेघेवरून मापायला लावा.